आधी ब्रेक, मग संगणक: चिंचवडच्या एका खोलीतील रेसिंग सिम्युलेटरच्या साहित्यनिवडीचे प्रकरण

हे प्रकरण चिंचवडमधील दोन बेडरूमच्या एका सदनिकेतले आहे. भोसरीतील एका कारखान्यात उत्पादन विभागात काम करणारे, चाळिशीला टेकलेले एक अभियंता गेली काही वर्षे घरी रेसिंग सिम्युलेशन (खऱ्या गाडीच्या वागणुकीची हुबेहूब नक्कल करणारा संगणकावरचा शर्यतीचा खेळ) चालवत आहेत. कूनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीचे ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ हे त्यांचे मुख्य सिम्युलेशन असून त्यात ते जीटी३ वर्गातील (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या शर्यतीच्या) गाड्या घेऊन आठवड्याच्या शेवटी ऑनलाइन शर्यतींत उतरतात. जमेल तेव्हा कोल्हापूरला जाऊन ते गो-कार्टही चालवतात. त्यांची तक्रार वेग कमी पडतो अशी नव्हती. एखादा लॅप, म्हणजे सर्किटची एक फेरी, उत्तम जातो, पण पुढच्याच लॅपला त्याच वळणावर गाडी बाहेर जाते आणि असे का झाले ते कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्याकडचे साहित्य असे होते. संगणकात एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचे जीटीएक्स १६६० सुपर कार्ड होते. मॉनिटर २४ इंची, ७५ हर्ट्झचा. स्टिअरिंगचे चाक आणि पेडल लॉजिटेकच्या जी२९ संचाचे, जुने विकत घेतलेले. हे चाक पार्टिकल बोर्डच्या चार फुटी टेबलाला क्लॅम्पने आवळलेले असे, पेडल फरशीवर ठेवलेले असत आणि बसायला ऑफिसातली असते तशी चाकांची खुर्ची होती.

दिवाळीच्या बोनसमधून दीड लाख रुपये या कामासाठी बाजूला काढून त्यांनी खरेदीची यादीही केली होती. नवे ग्राफिक्स कार्ड, नवा मदरबोर्ड व प्रोसेसर आणि तीन मॉनिटर यांत सव्वा लाखाच्या आसपास रक्कम संपत होती. उरलेल्या पैशांत थोडे बरे चाक बसते का ते पाहायचे होते. यादी दाखवून त्यांनी माझे मत विचारले. माझ्या मते ती यादी उलट्या टोकाकडून सुरू झाली होती. हा अंदाज नव्हता. त्यांच्या खोलीत तासभर बसून त्यांचे चालवणे पाहिल्यावरच तसे म्हणता आले.

निरीक्षणासाठी इटलीतील मोन्झा हे सर्किट निवडले. ५.७९३ किलोमीटरच्या या सर्किटवर वळणे थोडी आहेत आणि लांब सरळ रस्त्यांच्या शेवटी जोरदार ब्रेक लावावा लागतो, त्यामुळे ब्रेकचा दोष तिथे लपत नाही. मुख्य सरळ रस्ता संपताच येणाऱ्या पहिल्या शिकेनपाशी (वेग कमी करायला लावणाऱ्या नागमोडी वळणांपाशी) जीटी३ गाडी साधारण ताशी २६० किलोमीटर वेगाने येते. तिथे आधी पेडल पूर्ण जोराने दाबायचे आणि गाडी वळू लागली की पाय हळूहळू, न थांबता उचलत न्यायचा, म्हणजे पुढच्या टायरांवरचा भार वळणात शिरेपर्यंत टिकतो. सगळे कसब त्या पाय उचलण्याच्या दीड-दोन सेकंदांत असते.

पहिल्याच लॅपला जे दिसले ते पडद्यावर नव्हते, टेबलाखाली होते. ब्रेक दाबला की खुर्ची दोन-तीन इंच मागे सरके. खुर्ची सरकली की गृहस्थ चाकाला धरून स्वतःला पुढे ओढत. आणि चाकावर तो ओढा आला की पार्टिकल बोर्डची कड वाकून चाक त्यांच्याकडे झुके. जी२९ च्या पेडलखाली गालिच्यात रुतणारे दाते असतात, पण आपल्याकडे घराघरांत व्हिट्रिफाइड फरशी असते आणि तिच्यावर त्या दात्यांचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून पेडलचा संच पुढे आणि खुर्ची मागे असा दोन्हीकडून निसटता व्यवहार चालू होता. पाय जेवढ्या जोराने पेडल दाबतो तेवढ्याच जोराने पेडल माणसाला मागे ढकलते. तो जोर पेलायला मागे काही नसेल तर पायाला दर वेळी वेगळे अंतर कापावे लागते आणि मग सवय लागणार तरी कशाची?

दुसरी गोष्ट टेलिमेट्रीत, म्हणजे चालवताना होणाऱ्या वेग, ब्रेक वगैरेंच्या नोंदींत दिसली. हे सिम्युलेशन मोटेक या कंपनीच्या विश्लेषण-सॉफ्टवेअरमध्ये उघडणाऱ्या फाइली तयार करते, आणि हे सॉफ्टवेअर घरगुती वापरासाठी फुकट मिळते. ब्रेकचा आलेख उघडला तर दाब वाढताना रेघ बऱ्यापैकी सरळ होती, पण उतरताना ती पायऱ्यापायऱ्यांनी खाली येत होती आणि मधेच टाचणीसारखी टोके वर उठत होती. जी२९ च्या ब्रेकमध्ये पोटेंशिओमीटर असतो. तो पेडल किती अंशांतून फिरले ते मोजतो, पायाचा जोर मोजत नाही. त्यात धूळ गेली की संकेत उड्या मारतो. वर ब्रेकच्या पेडलमागे कडकपणासाठी रबराचा ठोकळा बसवलेला असतो. त्यामुळे पेडलचा पहिला भाग हलका जातो आणि मग एकदम भिंत लागल्यासारखी वाटते. मोजमापाचा बराचसा पल्ला त्या भिंतीपाशीच दाटतो.

ब्रेकमध्ये लोडसेल (दाब मोजणारा सेन्सर) असेल तर मोजमाप जोराचे होते. पेडल किती खाली गेले याला मग फारसे महत्त्व उरत नाही. आपला पाय जागेपेक्षा जोर जास्त चांगला लक्षात ठेवतो, आणि खऱ्या गाडीचा हायड्रॉलिक ब्रेकही जोरालाच उत्तर देतो. म्हणूनच रेसिंगच्या घरगुती साहित्यात लोडसेलच्या ब्रेकइतका खात्रीचा खर्च मला दुसरा कोणताही वाटत नाही. मात्र त्याला एक अट आहे. असा ब्रेक ३०-४० किलोंच्या जोराने दाबावा लागतो, आणि सरकणाऱ्या खुर्चीत बसून तो दाबताच येत नाही. म्हणजे लोडसेल घ्यायचा तर आधी बैठक पक्की करावी लागते. खरेदीचा क्रम यावरूनच ठरला: आधी सांगाडा, मग पेडल, मग चाक, मग संगणक, आणि पडदा सगळ्यांच्या शेवटी. एका टप्प्याचा परिणाम पाहिल्याशिवाय पुढचा पैसा काढायचा नाही, हेही तेव्हाच ठरवले.

सांगाड्यासाठी दोन मार्ग होते. एक, ४० बाय ८० मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम प्रोफाइलचा नट-बोल्टांनी जोडला जाणारा तयार सांगाडा. तो केव्हाही खोलून मागेपुढे करता येतो, पण महाग पडतो. दुसरा, लोखंडी चौकोनी पाइपचा वेल्डिंग केलेला सांगाडा, जो भोसरीत कोणताही चांगला फॅब्रिकेटर दोन दिवसांत करून देतो. गृहस्थांची ओळख असल्याने त्यांनी दुसरा मार्ग धरला, आणि त्यांच्या बाबतीत तो योग्यच होता. वेल्डिंग एकदा झाले की माप बदलत नाही, हा त्यातला धोका. म्हणून तीन ठिकाणी बदलाची सोय आधीच ठेवली. जुन्या गाड्या मोडणाऱ्या दुकानातून आणलेले मोटारीचे सीट त्याच्या मूळ रुळांसह बसवले, पेडलच्या पत्र्याला गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडल्या आणि चाकाच्या पट्टीला उंची बदलण्यासाठी तीन जोड भोके ठेवली. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप वापरला. पहिल्या जोडणीनंतर फॅब्रिकेटरने स्वतः सीटवर बसून पेडलच्या पत्र्यावर लाथ मारून पाहिली आणि म्हणाला, “साहेब, हितं मधी एक आडवी पट्टी मारू, न्हाईतर झुलनार.” त्या एका पट्टीने पत्र्याचे वाकणे डोळ्यांना दिसेनासे झाले. असा सांगाडा बनवून घेणाऱ्या प्रत्येकाने पावडर कोटिंगला देण्याआधी ही लाथ मारून पाहावी.

खोली दहा बाय अकरा फुटांची आणि रात्री गृहस्थांच्या वडिलांची झोपायची. त्यामुळे सांगाडा रोज हलवावा लागणार होता. चारी पायांना चाके लावली असती तर खुर्चीचाच दोष पुन्हा आला असता. म्हणून मागच्या बाजूला दोन चाके अशी बसवली, की सांगाडा जमिनीवर असताना ती टेकत नाहीत. पुढून उचलला की हातगाडीसारखा ढकलत नेता येतो. पायांखाली १० मिलिमीटरचे रबर घातले, ते फरशी वाचवण्याइतकेच खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांसाठी. रात्री अकरा वाजता ४० किलोंचा ब्रेक दाबला की त्याचा धक्का स्लॅबमधून खाली जातो.

पेडलसाठी थ्रस्टमास्टरचा टी-एलसीएम संच घेतला. त्याच्या ब्रेकमध्ये १०० किलोंपर्यंतचा जोर मोजणारा लोडसेल आहे, ॲक्सिलरेटर व क्लचमध्ये घासला न जाणारा चुंबकीय सेन्सर आहे, आणि स्प्रिंगा बदलून ब्रेकचा कडकपणा ठरवता येतो. निवडीचे मोठे कारण मात्र वेगळे होते. हा संच स्वतःच्या यूएसबी केबलने थेट संगणकाला जोडता येतो, त्यामुळे चाक लॉजिटेकचे आणि पेडल थ्रस्टमास्टरचे अशी सरमिसळ चालते. अनेकांना हे ठाऊक नसते आणि ते चाक व पेडल एकाच कंपनीचे हवेत या समजुतीने सगळा संच एकदम बदलतात. कन्सोलवर अशी मोकळीक जवळजवळ नसते. संगणकावर ती पूर्ण असते. दीड लाखाच्या मर्यादेत टप्प्याटप्प्याने खरेदी करता आली ती याच सोयीमुळे.

पहिल्या आठवड्यात लॅपचे वेळ बिघडले. इतका कडक ब्रेक पायाला नवा होता, आणि गृहस्थांनी उत्साहात कमाल जोर फार वर ठेवला होता. पाय न थकता शर्यतभर पुन्हा पुन्हा गाठता येईल एवढ्यावरच तो ठेवायचा असतो. त्यांच्यासाठी तो ३५ किलोंच्या आसपास स्थिरावला. त्यानंतर महिन्याभराने मोन्झाचाच आलेख पुन्हा उघडला. उतरती रेघ आता एकसंध होती. सर्वांत वेगवान लॅपमध्ये फारसा फरक पडला नव्हता, पण शर्यतीतला सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट लॅप यांतले अंतर, जे पूर्वी दीड सेकंदाहून जास्त असे, ते निम्म्याच्याही खाली आले होते. गाडी बाहेर जाणे जवळजवळ थांबले होते. चाक अजून जुनेच होते, संगणकाला हातही लावलेला नव्हता.

मग चाकाचा विचार केला. जी२९ चे चाक दोन मोटरी आणि गिअर यांवर चालते. त्याचा कमाल टॉर्क (फिरवणारा जोर) सुमारे २.२ न्यूटन-मीटर, म्हणजे २८ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर जेमतेम दीड किलोचा जोर. प्रश्न हात दुखण्या-न दुखण्याचा नाही. सिम्युलेशन चाकाकडे जे बल (फोर्स फीडबॅक) पाठवते त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. वळणात टायरांवर चढणारा भार हा संथ आणि मोठा भाग, तर कर्बचे (ट्रॅकच्या उंचावलेल्या कडेचे) दणके व पकड सुटू लागल्याची थरथर हा जलद आणि लहान भाग. मोटर लहान असली की वळणाच्या भारातच तिची कमाल मर्यादा गाठली जाते आणि त्यावरचे सगळे छाटले जाते. यालाच क्लिपिंग म्हणतात. तेव्हा नेमकी जी थरथर कळायला हवी तीच हातापर्यंत पोहोचत नाही. फोर्स फीडबॅकचा गेन (त्याचे प्रमाण) कमी केला तर छाटणी थांबते, पण मग लहान संकेत गिअरच्या घर्षणात विरतात. या पेचातून कोणतेही सेटिंग बाहेर काढत नाही.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये चाकाचा दांडा थेट मोटरच्या अक्षावर बसतो. मध्ये गिअर नाही, पट्टा नाही. मोझा कंपनीचा ५.५ न्यूटन-मीटरचा आर५ संच, फानाटेकचा ५ न्यूटन-मीटरचा आणि मोठ्या पॉवर सप्लायसह ८ न्यूटन-मीटर देणारा सीएसएल डीडी, आणि पट्ट्यावर चालणारा थ्रस्टमास्टर टी३०० असे तीन पर्याय समोर ठेवले. टी३०० उत्तम आहे, पण एवढा खर्च करून पुन्हा पट्ट्याच्या यंत्रणेवरच थांबण्यात अर्थ वाटला नाही. परदेशातून स्वतः मागवायचे तर सीमाशुल्क आहेच, शिवाय मोटर बिघडल्यास ते जड खोके परत पाठवण्याचा खर्च ग्राहकाच्याच माथी येतो. म्हणून देशातल्या विक्रेत्याकडून वॉरंटीसह मिळणारा आर५ घेतला. तो प्लेस्टेशनवर चालत नाही. इथे कन्सोलचा प्रश्नच नव्हता. त्याच्या २८ सेंटिमीटरच्या चाकावर हाताला सुमारे ४ किलोंचा जोर जाणवतो, आणि ज्या सांगाड्यावर तो बसवायचा तो आधीच तयार होता. पार्टिकल बोर्डच्या टेबलाला हाच संच आवळला असता तर कड चेपून क्लॅम्प सैल झाला असता. संचासोबत आलेले हलके पेडल आणि जुना जी२९ विकून काही रक्कम परत मिळाली.

चाकाचा फायदा पेडलइतका घड्याळात उमटला नाही, हे इथे स्पष्ट नोंदवले पाहिजे. पुढची चाके पकड सोडू लागताच हातातले वजन हलके होते आणि मागची सुटू लागली तर चाक आपणहून उलट दिशेला वळू पाहते. हे आता वेळेत कळते, आणि गाडी सावरण्याचे प्रमाण वाढले आहे. अपघात होणार असे दिसताच अंगठे चाकाच्या आऱ्यांतून बाहेर काढण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागली.

नवे चाक बसल्यावर एक वेगळाच त्रास सुरू झाला. शर्यतीच्या मध्यावर पेडल अचानक बंद पडत, संगणकातून यूएसबीचे उपकरण सुटल्याचा आवाज येई आणि क्षणात ते पुन्हा जोडले जाई. उघड्या लोखंडाला हात लागला तर बारीक मुंग्याही येत. टेस्टर लावल्यावर उलगडा झाला: त्या भिंतीवरच्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तारच जोडलेली नव्हती. संगणकाच्या पॉवर सप्लायमधून गळणाऱ्या विजेला आणि मोटरच्या विद्युत गोंगाटाला जमिनीकडे वाट नसल्याने तो गोंगाट केबलींत शिरत होता. इलेक्ट्रिशियनने अर्थिंग जोडून दिली, पेडलची केबल मोटरच्या केबलपासून दूर नेली आणि विंडोजमधली यूएसबीची वीजबचत बंद केली. त्यानंतर हा दोष पुन्हा दिसला नाही. लोखंडी सांगाडा, मोटर आणि संगणक एकत्र येतात तिथे अर्थिंग तपासून घेणे ही जिवाच्या सुरक्षिततेची बाब आहे, आणि साहित्याच्या कोणत्याही यादीत ती नसते.

संगणकाचे निदान सोपे होते. एकटी गाडी चालवताना फ्रेम (दर सेकंदाला तयार होणारी चित्रे) भरपूर मिळत. वीस-पंचवीस गाड्यांच्या सुरुवातीला मात्र चित्र अडखळत असे. चित्राचे रेझोल्युशन कमी करून तोच प्रसंग पुन्हा चालवला, तरी फ्रेम वाढल्या नाहीत. म्हणजे अडचण ग्राफिक्स कार्डाची नव्हती, इतक्या गाड्यांचे गणित सोडवणाऱ्या प्रोसेसरची होती. नवा मदरबोर्ड घेण्याचीही गरज नव्हती, कारण जुन्या मदरबोर्डच्या एएम४ सॉकेटवरच (प्रोसेसर बसवायच्या जागेवरच) रायझन ७ ५७००एक्स३डी बसतो. बायॉस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे लागते एवढेच. कागदावर त्याची कमाल गती ४.१ गिगाहर्ट्झ, म्हणजे जुन्या ३६०० च्या ४.२ पेक्षाही किंचित कमी आहे. पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद साठवण) ९६ एमबी आहे आणि जुन्याची ३२. रेसिंग सिम्युलेशनला जवळ ठेवलेली ही माहितीच जास्त उपयोगी पडते. त्यासोबत कूलर येत नाही, आणि जुन्या प्रोसेसरसोबत आलेला लहान कूलर पुण्याच्या एप्रिलात पुरा पडला नसता, म्हणून टॉवर कूलर वेगळा घेतला. सुरुवातीचे अडखळणे गेले.

राहिला पडदा. तीन मॉनिटरचा आग्रह गृहस्थांनी शेवटपर्यंत सोडला नव्हता, आणि बाजूने येणारी गाडी दिसावी ही त्यामागची गरज खरी आहे. पण त्यांच्या २४ इंची फुल एचडी पडद्यासारख्या एका पडद्यावर २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात, तीन पडद्यांवर ६२ लाख २० हजार. एवढा भार उचलायला कार्ड बदलावेच लागले असते. त्याऐवजी आधी टेप घेऊन अंतर मोजले. टेबलावर ठेवलेला मॉनिटर डोळ्यांपासून ८५ सेंटिमीटरवर होता. ५३ सेंटिमीटर रुंदीचा पडदा एवढ्या अंतरावरून जेमतेम ३५ अंशांचा कोन व्यापतो. सांगाड्याला मॉनिटरचा आडवा हात जोडून तोच पडदा मोटरच्या लगेच मागे, डोळ्यांपासून ५० सेंटिमीटरवर आणला, तेव्हा कोन ५६ अंश झाला. सिम्युलेशनमधला दृश्यकोनही त्याच मापाने भरला, आणि वळणाचे अंतर प्रथमच खरे वाटू लागले, असे ते म्हणाले. इतके दिवस त्यांनी दूरच्या पडद्यावर कृत्रिमरीत्या रुंद कोन भरून ठेवला होता. त्यामुळे सगळे लहान आणि दूरचे दिसे, ब्रेकची जागा दर वेळी चुके. व्हीआर हेडसेटचा विचार केला आणि सोडला: चश्मा, वातानुकूलन नसलेली खोली आणि कार्डावर पडणारा भार ही तिन्ही कारणे पुरेशी होती.

खर्च असा झाला. सांगाडा, सीट व रंगकाम १६ हजारांच्या आसपास, पेडल २५ हजार, चाकाचा संच ६० हजारांच्या जवळपास, प्रोसेसर व कूलर २४ हजार. मॉनिटरचा हात, केबली व अर्थिंग किरकोळात धरता एकूण सव्वा लाखाच्या थोडे वर गेले. जुने साहित्य विकून आलेले पैसे मिळवले तर सुमारे ३५ हजार शिल्लक राहिले. ते ग्राफिक्स कार्डासाठी राखून ठेवले आहेत. ७५ हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत २६० च्या वेगातली गाडी ९६ सेंटिमीटर पुढे जाते आणि १४४ हर्ट्झवर ५०, त्यामुळे पुढची खरेदी जलद मॉनिटर आणि त्याला पेलणारे कार्ड अशी जोडीनेच व्हावी असे ठरले आहे. सध्याचा ५०० वॅटचा पॉवर सप्लाय बदलावा लागू नये म्हणून ११५ वॅटचे आरटीएक्स ४०६० किंवा त्याच्याइतकेच कमी वीज घेणारे कार्ड पाहायचे आहे. अजून त्यांनी ते घेतलेले नाही. दर शनिवारी रात्री नऊ वाजता सांगाडा भिंतीपासून ओढून ते जुन्याच कार्डावर शर्यतीला बसतात.